जामिनाविना अभय

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी महाराष्ट्राला ठाऊक आहे ती तिच्या खिंडीमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी स्वराज्याचे सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर धारातीर्थी पडले. दरवर्षी स्मारकापाशी माणसे जमतात, भाषणे होतात. भाषणांत शौर्याचे वर्णन असते आणि ते असलेच पाहिजे. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, १६७३ मध्ये, उमराणीला काय घडले, याला वक्ते बहुधा घाईने वळसा घालतात.

उमराणीला प्रतापरावांनी याच खानाला पुरते कोंडले होते. त्याची पाण्याची वाट तोडली होती. तहानेने कासावीस झालेल्या खानाने अभय मागितले आणि प्रतापरावांनी उदार मनाने ते दिले. पुन्हा स्वराज्याच्या वाटेला जाणार नाही, एवढ्या शब्दावर. खान सुटला, सावरला आणि काही महिन्यांतच पुन्हा चालून आला. महाराजांचा संताप झाला तो यासाठी. शरण आलेल्याला जीवदान देण्याला त्यांचा विरोध असता, तर त्यांच्या चरित्रात क्षमेचे इतके प्रसंग आढळलेच नसते. जामीन न घेता अभय दिले, हे त्यांना खटकले. प्रतापरावांनी ती चूक स्वतःच्या रक्ताने धुऊन काढली. आधुनिक काळातील राज्यकर्त्यांवर तशी वेळ येत नाही; त्यांच्या उदारपणाची किंमत दुसरेच कोणी चुकवतात.

हे दुसरे कोणी नेसरीला परके नाहीत. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या डोंगरपट्ट्यातील तरुण शिक्षण आटोपले की कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगावची वसाहत गाठतो, नाहीतर थेट पुण्याची वाट धरतो. चाकण, तळेगाव, रांजणगाव ही नावे या भागातील घरांत आता काशी-पंढरपूरइतकी परिचित आहेत. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग पुण्याच्या यंत्रशाळेत घासूनपुसून मोटारीत, ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये बसते. एखाद्या परदेशी मोटार कंपनीला तिच्या सरकारने वाचवले किंवा तिने आपला कारखाना एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेला, ही बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर छापली जात असली, तरी तिचे पडसाद या गावांच्या उंबऱ्यापर्यंत येतात.

जनरल मोटर्सचे उदाहरण घ्यावे. २००८ च्या अखेरीस अमेरिकेतील मोटारउद्योग गाळात रुतला. नोव्हेंबरमध्ये तीन बड्या कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागायला गेले आणि जगभर हसे झाले. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मदतीचे विधेयक अडले, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी राखलेल्या निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १,७४० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. मुक्त बाजारपेठेचे स्तोत्र जगाला पढवणाऱ्या देशाने स्वतःच्या घराला आग लागताच ते स्तोत्र गुंडाळून ठेवले. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि नव्या कंपनीत अमेरिकन सरकार सुमारे एकसष्ट टक्क्यांचे भागीदार झाले. एकूण ४,९५० कोटी डॉलर या एका कंपनीत गुंतले. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने शेवटचा समभाग विकला, तेव्हा सुमारे १,०५० कोटी डॉलरचा खड्डा जनतेच्या तिजोरीला पडलेला होता.

या व्यवहाराची केवळ टिंगल करून भागणार नाही. त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. कामगारांच्या आरोग्यनिधीला नव्या कंपनीत साडेसतरा टक्के वाटा मिळाला. आणि मार्च २००९ मध्ये सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या थकलेल्या बिलांसाठी ५०० कोटी डॉलरची वेगळी हमी उभी करण्यात आली. बडी कंपनी बुडाली तरी बोल्ट आणि बेअरिंग देणारा बुडू नये, हा तिचा हेतू. अमेरिकेने अभय दिले, पण आपल्या माणसांपुरता जामीन घेतला. आपल्या माणसांपुरताच.

कारण त्या जामिनात तळेगाव नव्हते. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सुरू झाला सप्टेंबर २००८ मध्ये. त्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स कोसळली. महाराष्ट्राने जमीन दिली, रस्ते दिले, पाणी-वीज दिली. तळेगावच्या पठारावर शेवरोलेच्या गाड्या उतरू लागल्या. आणि डिसेंबर २००९ मध्ये, अमेरिकन करदात्याच्या पैशावर तगलेल्या या कंपनीने आपल्या भारतातील व्यवसायाचा अर्धा हिस्सा चीनच्या सरकारी मालकीच्या एसएआयसी या कंपनीला ३५ कोटी डॉलरमध्ये देण्याचे ठरवले. डेट्रॉइटची गरज भागवण्यासाठी भारताचा कारखाना असा शांघायच्या ओटीत पडला. पुढे जनरल मोटर्सने त्यातील बराचसा हिस्सा परत घेतला खरा, पण कारखान्याचे भवितव्य कोणत्या टेबलावर ठरते, हे तेव्हाच उघड झाले होते.

जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात १०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. मे २०१७ मध्ये त्याच कंपनीने भारतातील विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. दोन वर्षेही धड लोटली नव्हती! गुजरातचा हालोलचा कारखाना एसएआयसीने घेतला. तळेगावात परदेशी पाठवण्यासाठी गाड्या बनत राहिल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. कारखाना बंद करण्याची परवानगी राज्य सरकारने प्रथम नाकारली; एप्रिल २०२१ मध्ये सुमारे चौदाशे कामगारांच्या हाती नोटिसा पडल्या; प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले. पस्तिशी-चाळिशीतील माणूस, पिंपरी-चिंचवडकडे घेतलेल्या घराचा हप्ता, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि अंगी असलेले कसब एकाच कारखान्याच्या रांगेला जुळलेले. अशा माणसाला ‘दुसरी नोकरी बघ’ म्हणणे सोपे असते.

मधल्या काळात आणखी एक नाट्य घडले. जून २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तळेगावसाठी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार महाराष्ट्र सरकारशी केला. १५ जून हा त्याचा दिवस. त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. करार स्थगित झाला आणि दोन वर्षांनी कंपनीने नाद सोडला. देशाच्या सुरक्षेचा विचार अग्रक्रमाने झाला, हे योग्यच झाले. मात्र सीमेवर रक्त सांडेपर्यंत हा विचार कोणाच्या मनात का आला नव्हता, हा प्रश्न उरतो. बंद पडलेला कारखाना कोणीतरी घ्यावा, या घाईत घेणारा कोण आहे हे पाहिले गेले नाही.

अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने करार केला आणि २०२५ मध्ये तळेगावातून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. पण तो व्यवहार जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा होता. माणसे त्यात नव्हती. जुन्या कामगारांना सामावून घ्यावे, अशी मागणी होत राहिली. वास्तविक राज्याच्या हातात एक दोरी होती. औद्योगिक विकास महामंडळाची जमीन विकत मिळत नाही, ती पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि पट्टा दुसऱ्याच्या नावे करायला महामंडळाची संमती लागते. आधी जुन्या कामगारांचा हिशेब चुकता, मग सही, असे म्हणण्याची ती जागा. कूळकायद्याचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला एवढे सुचायला हवे होते.

येथे कोणी म्हणेल, परकीय कंपनी परकीयच. स्वदेशी उद्योग असता तर असे झाले नसते. या आशेला इतिहासाचा आधार आहे. मोटारीचा कारखाना भारतात उभा राहावा, म्हणून सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात युरोप-अमेरिका पालथी घातली, आराखडा तयार केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यासाठी क्रायस्लरशी बोलणी करून आले. इंग्रज सरकारने युद्धकाळात वाहनांची निकड असतानाही पाठबळ दिले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्याने या देशाला पद्मिनी दिली. परकीय सत्ता आपल्या उद्योगाला हात देत नाही, हा धडा त्या पिढीने सोसून शिकला. पण त्या धड्याचा उत्तरार्ध अधिक अवघड आहे, आणि तो आपल्याच घरातून शिकावा लागतो.

जून २००८ मध्ये टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला विकत घेतल्या, तेव्हा मराठी घराघरांत अभिमानाची लहर उठली. ती स्वाभाविक होती. दीडशे वर्षे ज्यांनी राज्य केले, त्यांच्या प्रतिष्ठेची मोटार मुंबईच्या मालकीची झाली! वर्षभरातच मंदीने गाठले आणि टाटांना ब्रिटिश सरकारच्या दारात जावे लागले. युरोपीय गुंतवणूक बँकेच्या ३४ कोटी पौंडांच्या कर्जासाठी हमी हवी होती. ब्रिटिश सरकारने हमीच्या बदल्यात कंपनीच्या कारभारात हात घालणाऱ्या अटी पुढे केल्या. अनेक महिने घासाघीस झाली आणि ऑगस्ट २००९ मध्ये टाटांनी बाजारातून कर्ज उभारून सरकारी मदतीशिवाय निभावून नेले. स्वाभिमानाने केलेली गोष्ट म्हणून तिचे कौतुक झाले. त्याच टाटांनी पुढे स्लोव्हाकियात नित्रा येथे नवा कारखाना काढला. २०१८ मध्ये तो सुरू झाला आणि सोलीहलला बनणारी डिस्कव्हरी तिकडे गेली. स्लोव्हाक सरकारने त्यासाठी साडेबारा कोटी युरोंचे साहाय्य दिले. सोलीहलच्या कामगाराच्या नजरेने पाहिले तर टाटा आणि जनरल मोटर्स यांत फार फरक नव्हता. त्याच्या लेखी मुंबई हे दूरचे, परके शहर. तेथे कोणीतरी एक रकाना बेरजेचा आणि एक वजाबाकीचा मांडला आणि त्याची पाळी गेली.

सप्टेंबर २०२५ मध्ये संगणक-हल्ल्यामुळे या कंपनीचे कारखाने महिनाभराहून अधिक काळ ठप्प झाले. ब्रिटिश सरकारने १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. ही हमी कंपनीला होती. पैसा झिरपत झिरपत सुट्या भागांच्या पुरवठादारांपर्यंत जाईल, अशी अपेक्षा. बर्मिंगहॅमच्या आसपासचे लहान कारखानदार मात्र घर गहाण ठेवून पगार भागवण्याच्या गोष्टी करत होते. कंपनी आपली होती, देश त्यांचा होता आणि भरडला जाणारा माणूस शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याचा सख्खा भाऊ शोभावा असा होता. स्वदेशीचा विचार मालकाच्या आडनावापाशी थांबला, तर तो या माणसाला काहीच देत नाही.

ऑस्ट्रेलियाने वर्षानुवर्षे मोटार कंपन्यांना अनुदाने दिली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये जनरल मोटर्सच्या होल्डनचा शेवटचा कारखाना बंद झाला. त्या देशात आता प्रवासी मोटारींचे मोठे उत्पादन उरलेलेच नाही. कॅनडाने २००९ मध्ये जनरल मोटर्सला वाचवण्यात अमेरिकेला साथ दिली आणि २०१९ च्या अखेरीस ओशावाच्या कारखान्यातील मोटारींचे उत्पादन कंपनीने थांबवले, जरी दोन वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले. त्या अनुभवाने कॅनडा शहाणा झाला असावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेलांटिसने ब्रॅम्प्टनला बनवायची ठरलेली जीप अमेरिकेत नेण्याचे जाहीर करताच ओटावाच्या सरकारने करारातील वचनांकडे बोट दाखवले, कायदेशीर कारवाईची तंबी दिली आणि कंपनीचा शुल्कमाफीचा कोटा निम्म्यावर आणला. जीप परत येईल की नाही हा प्रश्न वेगळा. पण करारात लिहून घेतले होते म्हणूनच तंबी देता आली.

कोल्हापूर जिल्ह्याला हा विषय खरे तर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ‘थकहमी’ हा शब्द येथे शाळकरी मुलालाही कळतो. साखर कारखान्याचे कर्ज, सरकारची थकहमी, संचालक मंडळाचा थाट आणि शेवटी शेतकऱ्याचे थकलेले बिल व कामगाराचा थकलेला पगार, हा क्रम या भागाने अनेकदा पाहिला. नेसरीहून चंदगडच्या वाटेला लागले की हलकर्णीचा दौलत कारखाना येतो. तो कितीतरी हंगाम बंद राहिला. मोटार कंपनीला सवलत देणारा मंत्री आणि साखर कारखान्याला थकहमी देणारा मंत्री एकाच मंत्रालयात बसतो. एकीकडे तो ‘गुंतवणूक’ म्हणतो, दुसरीकडे ‘सहकार’.

भारतानेही मोटारउद्योगाला हात दिला आहे. डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्कात चार टक्क्यांची कपात झाली, फेब्रुवारी २००९ मध्ये आणखी दोन टक्क्यांची. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२१ मध्ये मोटारउद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. या शेवटच्या योजनेची रचना त्यातल्या त्यात शहाणपणाची आहे: आधी माल बनवा, विका, त्यात किमान निम्मे मूल्य देशात निर्माण झाल्याचे दाखवा, मग पैसे. उमराणीहून आपण थोडे पुढे आलो आहोत, असे म्हणायला जागा आहे.

पण ‘देशात निर्माण झालेले मूल्य’ ज्याच्या हातून निर्माण होते, त्याच्या पदरात काय पडते? कोल्हापूरच्या फाउंड्रीचा जन्मच मुळी स्वावलंबनातून झाला. शेतीला ऑइल इंजिन हवे होते; येथल्या मिस्त्रींनी परदेशी यंत्र उघडून पाहिले, साचे घडवले, लोखंड ओतले. त्या मातीतून तीनशेच्या आसपास फाउंड्र्यांचा संसार उभा राहिला. आज त्याच फाउंड्रीचा मालक मोटार कंपनीच्या महिन्याच्या मागणीपत्राकडे पावसाकडे पाहावे तसे पाहतो. भंगार आणि पिग आयर्न रोखीने घ्यायचे, भट्टीचे वीजबिल तारखेला भरायचे, मोल्डरचा पगार सात तारखेला द्यायचा आणि स्वतःचे बिल मात्र तीन-चार महिन्यांनी मिळेल तेव्हा खरे. मॉडेल बंद पडले की पॅटर्नवर घातलेले पैसे आणि तयार माल दोन्ही अंगावर. वीजदराला कंटाळून २०१३ च्या सुमारास येथील कारखानदारांनी कर्नाटकात जागा मागितली होती, तेव्हा केवढी ओरड झाली! डेट्रॉइटने कारखाना हलवला की त्याला व्यूहरचना म्हणायचे आणि शिरोलीवाल्याने पंचवीस कोसांवर जायचे म्हटले की त्याला निष्ठा शिकवायची.

कायदा आहे. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करणे बंधनकारक केले. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम आयकराच्या हिशेबात त्या वर्षी खर्च म्हणून धरली जात नाही. पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? ज्याच्या मागणीपत्रावर भट्टी पेटते, त्याच्याविरुद्ध? तक्रार जिंकणारा पुढची मागणी हरतो, हे शिरोलीत कोणीही सांगेल. म्हणून ही जबाबदारी लहान कारखानदाराच्या धैर्यावर सोडता येणार नाही. जी कंपनी राज्याकडून करपरतावा किंवा केंद्राकडून प्रोत्साहन घेते, तिने दर वर्षी लेखापरीक्षकाचा दाखला द्यावा की पुरवठादारांची सारी बिले मुदतीत चुकती झाली आहेत. दाखला नाही तर परतावा नाही. यासाठी नव्या खात्याची गरज नाही, एक रकाना पुरेल.

दुसरी मागणी कामगारांसाठी. भाडेपट्ट्याच्या करारातच कलम हवे: कारखाना बंद करून पट्टा दुसऱ्याकडे सोपवायचा असेल, तर कायम कामगारांची देणी आधी आणि नव्या भरतीत त्यांना प्रथम विचारणा. राज्याच्या प्रोत्साहन योजनांत स्थानिकांना नोकऱ्यांची अट पूर्वीपासून आहे. पण ती कारखाना सुरू होतानाची अट आहे. लग्नाच्या याद्या नीट कराव्यात आणि नांदण्याचे काही ठरवू नये, तशातला हा प्रकार. दत्तोपंत ठेंगडी आयुष्यभर उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरत राहिले, तेव्हा अनेकांना ते स्वप्नरंजन वाटले. ज्या अमेरिकेला भांडवलशाहीची काशी म्हणतात, तिने अडचणीच्या प्रसंगी कामगारांच्या निधीला साडेसतरा टक्के वाटा दिलाच ना?

अशा अटी घातल्या तर गुंतवणूक शेजारच्या राज्यात जाईल, ही भीती मंत्रालयात नेहमी दाखवली जाते. ती अगदीच खोटी नाही. गुजरात, तामिळनाडू, कर्नाटक यांची चढाओढ सर्वांना दिसते. पण चाकण-तळेगावला कारखाने येतात ते सवलतींपेक्षा तेथे पन्नास वर्षांत जमलेल्या कुशल हातांमुळे आणि दोन-तीन तासांच्या अंतरावर मिळणाऱ्या सुट्या भागांमुळे. ज्याच्यापाशी देण्यासारखे एवढे आहे, त्याने याचकासारखे बोलणे करू नये. आणि राज्यांनी एकमेकांत बोली लावण्याऐवजी अशा किमान अटी केंद्राने सर्व राज्यांसाठी एकदाच ठरवून दिल्या, तर ही चढाओढ निदान तळाला जाणार नाही. करसवलतींचे करार आज जनतेला वाचायला मिळत नाहीत. विधिमंडळाच्या पटलावर ते ठेवावेत, एवढी मागणी कोल्हापूरच्या आमदारांनी पक्षभेद विसरून करायला काय हरकत आहे?

तळेगावात आता नव्या मालकाची पाटी आहे. त्या कारखान्यात भरती निघाली की गडहिंग्लज आणि नेसरीच्या एसटी स्थानकांवर आयटीआयचे दाखले घेतलेली मुले पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी राहतील. त्यांच्या हाती जे नेमणूकपत्र पडेल, त्यावर कंपनीची सही असेल. ज्या भाडेपट्ट्याच्या जोरावर ती कंपनी तेथे उभी आहे, त्यावर महाराष्ट्र सरकारच्या महामंडळाची सही आहे.